भाता नसलेली पेटी

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा स्वतःलाही नीट नाही. आज लिहितो आहे. आजच का? ज्यानं ऐकायला हवं होतं तो माणूस आता नाही, म्हणूनच बहुधा — आणि हेही काही शूराचं लक्षण नव्हे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीमला माझं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. गाव रिठद. गावात कार्यक्रम असला की दुकान लवकर बंद करून मी एसटीनं जायचो आणि आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचो. गाणारे गंगाधरदादा. आमच्याच वस्तीतले, माझ्याहून वयानं मोठे, शेतात राबणारे. त्यांचा आवाज आणि माझी पेटी — लोक एका दमात दोन्हींचं नाव घेत. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे कळेल.

पेटी कशी सांभाळायची, ते दादांना मीच शिकवलं होतं. वाजवून झालं की साऱ्या खुंट्या आत ढकलायच्या, म्हणजे हवेच्या वाटा बंद, भाता मिटायचा, वर कापड. उघडी ठेवली तर धूळ जाते, उंदीर जातो. दादा ते पूजेसारखं पाळायचे.

त्यांचा धाकटा भाऊ उत्तम बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून एक जुनं वाद्य आणलं. इलेक्ट्रिकचं. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर बटणांची रांग, आणि भाता नाही. उत्तमनं ते एका संध्याकाळी घरच्यांना वाजवून दाखवलं, बटणं आपल्या हातानं लावून दिली, आवाजाचं एकच बटण फिरवायचं असं सांगितलं आणि सकाळी पहिल्या गाडीनं गेला.

दादा त्याच दिवशी माझ्या दुकानात आले. वाद्य पोत्यात गुंडाळून बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून एसटीच्या टपावरून. चेहरा उतरलेला.

"काल वाजत होतं, बापू. आज मुकं झालं."

"वाजत होतं म्हणजे कसं?"

"कसं सांगू तुले? मानूस गाऊन राह्यला, पन दम घेऊन नाही राह्यला. भाताच नाही ना त्याले." मग हळूच म्हणाले, "चौदा एप्रिलच्या जयंतीले याच्यावर गाईन म्हनतो. साऱ्या गावाले सांगून बसलो."

याच्यावर गाईन. माझ्या पेटीवर नाही. ते हे सहज बोलले. मनात काही नव्हतं त्यांच्या. माझ्या मनात मात्र ते जाऊन बसलं.

वाद्य ठेवून घेतलं, परवा या म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा उघडलं. वाद्यावरचा छोटा दिवा लागत होता, म्हणजे वीज आत पोचत होती. फ्यूज शाबूत. वायर ओढून पाहिल्या, कथलानं झाळलेले सांधे पाहिले. वाद्याचा आवाज बाहेर यावा म्हणून त्याची वायर एका जुन्या रेडिओच्या मागे जोडली होती. तिचं वाद्याकडचं टोक काढून त्याला बोट लावलं तर रेडिओ गुरगुरला, म्हणजे रेडिओही ठीक. जळका वास कुठे नाही. मग मुकं का? कितीतरी वेळ मी तसाच बसून राहिलो.

आणि मग बटणांकडे लक्ष गेलं. एकूणएक डावीकडे, टोकापर्यंत फिरवलेली. फक्त आवाजाचं तेवढं उघडं. इतका वेळ ते मला दिसलं नव्हतं, कारण माझ्या डोळ्यांना ते बरोबरच वाटत होतं — नीट मिटून ठेवलेली पेटी. दादांनी रात्री त्याच्या खुंट्या लावल्या होत्या. मी शिकवलं तशा.

एक पट्टी दाबून धरली आणि एकेक बटण उघडत गेलो. पहिल्यानं काही नाही. दुसऱ्यानं नाही. नंतर कुठलंसं फिरवलं आणि टेबलावरच्या डबीतले स्क्रू थरथरले. कानाला अजून काही नव्हतं, तळहाताला कळलं. बटण आणखी थोडं फिरवलं — आणि तो आला. कसा सांगू? खोल विहिरीच्या तळाशी कोणी तोंड उघडावं आणि तो सूर पाण्यासकट वर चढत यावा, तसा. जाड, काळा, मग हळूहळू उजळत गेलेला. मी वाट पाहत होतो तो संपायची. जन्मभर भाता हलवत आलेला माणूस मी. प्रत्येक सुराला शेवट असतो हे माझ्या डाव्या हाताला ठाऊक होतं. तो हात वाद्यामागे नसलेला भाता चाचपत राहिला, आणि सूर संपेना. डोळ्यांना पाणी आलं. रस्त्यावरून टांगा जात होता, बाहेर कोणी भाव करत होतं, आणि माझ्या बोटाखाली हे — हे काय होतं? मी बोट उचललं नाही. उचलवेना.

याच सुरावर दादांचा आवाज चढला तर काय होईल, ते मला त्या क्षणी स्पष्ट ऐकू आलं. तेवढं सुंदर मी कधी काही ऐकलेलं नाही. आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

मी बोट उचललं. सारी बटणं एकेक करून डावीकडे फिरवली. टोकापर्यंत.

दादा आले तेव्हा मी विचारलं, "रात्री तुमी याले काही केलं काय?"

"मी त निस्त्या खुंट्या लावल्या. तूच सांगतलं होतं ना."

"तिथंच जळालं मंग."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. वाद्य पुन्हा पोत्यात बांधलं. गाठ मारायला मीच मदत केली.

जयंतीला ते माझ्या पेटीवर गायले. चांगले गायले. लोक मात्र पुढे कितीतरी दिवस विचारायचे, "काय गंगाधर, तुही मुकी पेटी बोलली काय?" ते हसायचे. उत्तमला त्यांनी स्वतःच कळवलं, की ते आपल्याच हातून जळालं. जळालेलं म्हणून त्यानंही पुढच्या सुट्ट्यांत त्याला हात लावला नाही. तेव्हापासून ते विजेच्या कशालाही हात लावेनात. घरात दिवा लावायचा तर बायकोला हाक, रेडिओ लावायचा तर लेकीला. नव्या कार्यक्रमात कोणी माईक पुढे केला तर आधी म्हणायचे, तूच धर. गावाला ते गमतीचं वाटायचं.

मी त्यांच्या घरी जायचो. ते वाद्य फळीवर, पांढऱ्या कापडाखाली. एका हाताच्या अंतरावर. कितीदा गेलो? आणि चहा पिऊन कितीदा परत आलो?

शेवटच्या उन्हाळ्यात ते अंथरुणावर होते. मला पाहून बरं वाटलं त्यांना. खोलीत उकडत होतं. बटण त्यांच्या उशापाशीच होतं, हात लांबवला असता तर पुरला असता.

"बापू, तो पंखा लाव," ते म्हणाले. "माह्या हातानं जळते."

मी बटण दाबलं. पंखा फिरू लागला. फळीवरच्या कापडाचं टोक हललं.

"पाह्य," ते म्हणाले, "तुह्या हातात हाय ते."

मी हात मांडीखाली घेऊन बसून राहिलो.

ते जळालं नव्हतं, दादा.