चावडीच्या रेडिओतली हाक

ती हाक माझ्या कानातून अजून गेलेली नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी जुन्नरकडे फौजदार होतो. त्या घरांतली माणसं आजही त्याच गावांतून नांदत असतील, म्हणून खरं नाव कुणाचंच सांगत नाही. जिथं नावावाचून अडतं, तिथं पदरचं घातलं आहे.

सरकार तेव्हा गावोगावी रेडिओ देत होतं. पिंपळवंडीच्या चावडीतही एक आला होता. बॅटरीवर चालणारा, कपाटात कुलपाआड ठेवलेला आणि काटा सरकारी केंद्रावरच बांधून टाकलेला. दुसरं काही ऐकू म्हटलं तरी ऐकता येत नसे. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की पुरुष आत बसत, बाया बाहेर ओट्यापाशी. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. हवेत आवाज सोडायचं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं हा तर सरळ गुन्हा होता. हे कलम मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. त्याची कधी गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

एके सकाळी जुन्नरच्या पेठेतले एक मुसलमान चाचा ठाण्यात आले. त्या रेडिओची बॅटरी त्यांच्या दुकानात भरून जायची.

“साहेब, मला वाचवा. पिंपळवंडीच्या रेडिओत मेलेला माणूस बोलतो. लोक म्हणतात, चाचानंच बॅटरीत कायतरी भरलंय. काल दुकानावर दगड आला.”

मी हसलो. डायरी लिहिणारा हवालदार मात्र हसला नाही. त्याची सासुरवाडी त्याच बाजूची. तो हळूच म्हणाला, “साहेब, गावात दिवेलागणीला कोन बाहेर निघंना झालंय.”

पोलीस पाटलाला बोलावून घेतलं. त्याने सांगितलं ते असं. गावात एक तरुण विधवा होती, तिला आपण लक्ष्मी म्हणू. नवरा फौजेत होता, सरहद्दीवर गेला. तार आली, देह आला नाही. तिच्या सासऱ्याने मोठं मन करून तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा ठरवला होता, घोडेगावकडच्या एका भल्या बिजवराशी. बोलणी झाली आणि चावडीचा रेडिओ तिच्या नवऱ्याच्या आवाजात बोलू लागला. नवरदेवाकडून निरोप आला होता की अमावास्येपर्यंत हा प्रकार थांबला तर ठीक, नाहीतर सोयरीक मोडली असं समजा.

आवाज बाजाराच्या दिवशीच येतो असं पाटील म्हणाला, म्हणून मी त्या दिवशी साध्या कपड्यांत चावडीत जाऊन बसलो. कुणीतरी कांद्यावरच्या रोगाबद्दल सांगत होतं. मध्येच तो आवाज पाण्यात बुडावा तसा खाली गेला. खरखर सुरू झाली. मग श्वास ऐकू आला. अगदी जवळचा, कानाशी तोंड आणून कुणी घ्यावा तसा.

“ठकू... ए ठकू... म्या हाय अजून. दुसऱ्या दारात पाय टाकू नगंस.”

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा उभा राहिला. बंदूकवाल्या दरोडेखोरासमोर मी एवढा गार पडलो नव्हतो. आतले पुरुष माना खाली घालून बसले होते. बाहेर ओट्यापाशी एक बाई उठली, पदर सावरला आणि घराकडे चालू लागली. ती पळाली नाही, रडली नाही. ते मला खटकलं, पण त्या वेळी उलगडलं नाही.

खरखर थांबली आणि कांद्याचा रोग पुन्हा सुरू झाला.

पाटील कुजबुजला, “उठून गेली तीच लक्ष्मी. ठकू म्हंजी तिचं माहेरचं नाव, साहेब. घरच्यांनी सांगितलं तवा कळलं, हितं कुनालाबी ठावं नव्हतं. नवऱ्याबिगर कोन घेनार?”

नाव घरातूनच बाहेर आलं असणार हे मलाही पटलं, आणि माझा संशय वळला सासऱ्याकडे. घरात राबणारं माणूस जाऊ नये म्हणून म्हाताऱ्याने वरून मोठेपणा आणि आतून हा डाव केला असेल, असा माझा तर्क. दुसऱ्या दिवशी त्याला गोठ्यातच गाठलं आणि जरा जोरात घेतलं. म्हातारा ऐकत राहिला. डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही.

“पोरगा गेला, आता पोरीला कोंडून काय करू? तिचं वय काय, साहेब?”

“मुलगा तिला काय नावानं हाक मारायचा?”

तो माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसा बघू लागला. “नाव? बाईलीचं नाव गडी घेतो व्हय? ‘अगं’ म्हनायचा. आन् घ्यायचंच म्हनलं तर लगनात आमी ठेवल्यालं घेतलं असतं, लक्ष्मी. त्ये माहेरचं नाव उंबऱ्याच्या आत कदी आलंच न्हाई.”

मी स्वतः लग्न झालेला माणूस. माझ्या बायकोचंही नाव लग्नात बदललेलं. तिला जुन्या नावाने कोण हाक मारतं, हे मला सांगायला म्हातारा कशाला हवा होता? तिची आई आणि तिचे भाऊ.

मी तडक चाचांचं दुकान गाठलं. रेडिओ नसताना बॅटरी भरून नेणारं कुणी आहे का, विचारलं. ते म्हणाले, “हाय ना. बाजारादिवशी सायकलवर येतो. फौजी बूट. महाळुंगे पडवळचा म्हनतो.”

लक्ष्मीचं माहेर महाळुंगे पडवळ. तिचा थोरला भाऊ फौजेत बिनतारी खात्यात होता आणि पेन्शन घेऊन घरी आला होता.

पुढच्या बाजारी आम्ही त्याच्या सायकलच्या मागावर राहिलो. पिंपळवंडीच्या शिवारात उसापलीकडे एक बंद गुऱ्हाळ होतं. बाजूच्या आंब्यावर तार चढवलेली दिसली. दिवस मावळला होता. मी हवालदार आणि दोन पंचांना घेऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. आत काजळी धरलेल्या चुलाणाजवळून आवाज आला, “ठकू... ए ठकू...” आणि त्याच क्षणी शेतापलीकडून, चावडीच्या बाजूने, तोच आवाज आला. एक माणूस दोन ठिकाणी बोलत होता. आत कोण आहे हे ठाऊक असूनही हवालदाराने माझा दंड घट्ट धरला होता.

दार ढकललं. आवाज बदलायला तोंडावर ओलं फडकं धरून तो भाऊ बसला होता. समोर लष्करी भंगारातून आणलेलं, हवेत आवाज सोडायचं यंत्र, सरकारी केंद्राच्याच काट्यावर लावलेलं.

ठाण्यात तो ताठ बसला. “आमच्या घराण्यात पाट लावत न्हाईत. खालच्या मानंनं जगायचं का आमी? यंत्र माजं, पैका माजा. वारा काय सरकारच्या मालकीचा हाय?”

“कायद्यानं आहे,” मी म्हणालो. “बहीण मात्र तुझ्या मालकीची नाही.”

बोललो खरा, पण पुस्तक उघडल्यावर माझी जिरली. विनापरवाना यंत्र बाळगलं, सरकारी कार्यक्रमात व्यत्यय आणला, हे गुन्हे नीट बसत होते. मेलेल्याचा आवाज काढून एका बाईचा संसार रोखला, त्याला चपखल बसेल असं कलम मला सापडेना. सरकारच्या हवेला धक्का लागला होता, तो नोंदवला गेला. त्या बाईला लागलेला धक्का कुठे लिहायचा? मला त्याचा संताप आला होता आणि अजूनही येतो.

जबाबासाठी लक्ष्मी सासऱ्याबरोबर आली. भाऊ पकडला गेल्याचं सांगितलं, तर चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“तुला ठाऊक होतं?”

“पैल्याच दिशी वळखला. त्या नावानं दुसरं कोन हाक मारनार?”

“मग बोलली का नाहीस? सगळं गाव भुताला भ्यायलं होतं!”

“भूत असतं तर अंगारा लावला असता, साहेब. भावाला काय लावू? आई त्याच्याच दारात हाय. त्यानं मनात आनलं तर आईचं त्वांड दिसायचं न्हाई मला.”

सासरा भिंतीकडे तोंड करून रडू लागला. ती मुद्देमालातल्या यंत्राकडे बघत म्हणाली, “ह्याच्यातनं मला येकदा बोलता यील का? गाव ऐकंल.”

मी नाही म्हणालो. कायदा तिलाही तोच होता. तिने मान हलवली आणि निघाली.

त्या संध्याकाळी, चाचांना पुन्हा कुणी त्रास देता कामा नये अशी पाटलाला ताकीद द्यायला म्हणून मी चावडीत होतो. रेडिओ चालू होता. ती ओट्याच्या पायऱ्या चढली, आत आली. त्या चावडीत बाईमाणूस कधी आत आलेलं नव्हतं. तिने स्वतः हात घालून रेडिओ बंद केला.

“हाक माज्या भावाची व्हती. मेल्यालं मानूस कुनाला आडवत न्हाई. म्या अमावास्येच्या आत पाट लावनार हाय. ज्यानला यायचं त्यांनी या.”

पाट लागला. सासऱ्याने लेकीसारखी पाठवणी केली. भावाला दंड झाला, यंत्र सरकारजमा झालं. आईचं तोंड मात्र तिला पुढे पाहायला मिळालं नाही. तिला भीती होती तेच भावाने केलं.

पुढे नोकरीत भुताच्या तक्रारी पुष्कळ आल्या, विहिरीतल्या, पिंपळावरच्या. मी आधी भूत उतरवणाऱ्या पंचाक्षऱ्याची चौकशी करत नसे. त्या घरातली बाई जिवंतांपैकी कुणाला भिते, ते विचारत असे. आजही रेडिओचा काटा फिरवताना दोन केंद्रांच्या मधली खरखर लागली, की मी पटकन पुढे सरकवतो. त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेत असतं असं वाटतं. मेलेला नव्हे, चांगला धडधाकट जिवंत.