आवर्तनाच्या दिवशीचा नकाशा

आमच्या प्रकल्पाच्या सरांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. गिरणेतल्या कुठल्या माशाला कुठली जागा मानवते, याचं मॉडेल बनवायचं काम होतं. पाण्याची खोली मोजायची, वेग मोजायचा, तळाला वाळू की खडक ते बघायचं, जाळ्यात काय आलं ते टिपायचं. त्यावरून कॉम्प्युटर नदीचा नकाशा रंगवणार. माशांना लागणारी जागा हिरवी, आणि हिरव्या जागेतून वाळू उपसायची नाही, एवढं वर ठरलेलं. माझ्या माहेरच्या गावाखालचा डोह हिरवा व्हावा, म्हणून तर मी या कामात पडले होते.

सरांना मात्र वाहती नदी हवी. आमच्याकडे गिरणा वाहते ती धरणातून आवर्तन सुटलं की. एरवी नुसती वाळू आणि मधेमधे डोह. हे महाशय आवर्तनाची तारीख विचारून मगच जळगावहून गाड्या काढायचे. त्या गढूळ लोंढ्यात डोहातले वाम, शिंगाळे असे सगळे मासे पांगलेले. जाळं रिकामं. मी सांगून पाहिलं, उन्हाळ्यात येऊ, नदी आटली की उरलासुरला मासा याच डोहात जीव धरून असतो. तर म्हणे, कोरड्या नदीत मासे काय मोजायचे? वर हसले. मेलं ते हसणं!

नकाशा आला. डोह पांढराफटक. भर बैठकीत हे सगळं खोटं आहे असं म्हणताना माझ्या तोंडातून सरळ अहिराणीच बाहेर पडली, "हाई बठ्ठं खोटं शे." सर शांतपणे म्हणाले, मॅडम, माहेर मधे आणू नका. बाकीच्यांनी माना खाली घालून चहा संपवला. त्यानंतर मला कुणी कामावर बोलावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोहात जेसीबी उतरला. परवानगी होती, अडवणार कुणाला? मी जिथे पोहायला शिकले, तिथून डंपर वर चढत होते. काठावर वामांचा खच पडलेला, कुत्री ओढत होती. मी रडले नाही. येतील तेवढ्या शिव्या दिल्या आणि परत आले.

परवा सरांचा फोन आला. गिरणेतले वाम का नाहीसे झाले, यावर नवा प्रकल्प मिळालाय, तुमचा अनुभव कामी येईल म्हणे. आवाजात लाज नावालाही नाही.

"सर, तुमचाच नकाशा काढून बघा," मी म्हटलं. "तिथे मासे कधी नव्हतेच."