पाद्रीबाबा आणि आमचा माईक

आमच्या व्हिडिओ सेंटरचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, चहा गार होतो आणि घरून बोलावणं येतं. म्हणून आज फक्त पाद्रीवालेच सांगतो.

केबल यायच्या आधीची गोष्ट. माझा चुलतभाऊ शिवराजअण्णा यानं वडिलांच्या किराणा दुकानातून अंग काढून घेतलं आणि पाटोद्यात व्हिडिओ सेंटर टाकलं. वडिलांना आम्ही सगळेच आप्पा म्हणायचो. त्यांनी बजावलं होतं, "गावातून एक तक्रार आली की सेंटर बंद. परत गुळाच्या ढेपा फोडायला यायचं." अण्णाला भुतापेक्षा त्या ढेपांचं भ्या जास्त.

इंग्लिश भुतांचे पिक्चर लई चालायचे. पोरीच्या अंगात सैतान, काळ्या झग्यातला पाद्री, हातात क्रॉस. पण इंग्लिश कुणाला कळतंय? म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून मी माईकवर सगळ्यांचं मराठी बोलायचो. इंग्लिश मलाही येत नव्हतं, ते सोडा.

*

एकदा आप्पाच तपासणीला आले. अण्णाला घाम फुटला. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग घालणारे. आप्पांनी पाद्रीच्या गळ्यातला क्रॉस निरखून बघितला.

"गळ्यात घालतेत म्हंजे आपल्यासारखेच की. कोणत्या मठाचे?"

मी घाबरून माईकवरच बोललो, "लांबच्या."

आप्पा शेवटपर्यंत हात जोडून बसले.

*

मारुती धनगराचं वेगळंच. पडद्यावर पोरगी मान वाकडी करून गरगर फिरायला लागली, पाद्री तिच्यावर पाणी शिंपडायला लागला, लोकांनी डोळे झाकले. मारुती शांतपणे म्हणाला, "मेंढरं अशीच फिरतेत. डोक्यात जंत हाय. ह्यो पानी कावून शिंपडायलाय बे? औषध पाज म्हणावं."

*

मग अण्णानं बायकांचा स्पेशल शो लावला आणि घात झाला. दोनच दिवसांत सरूबाईची सून कलावती घोगऱ्या आवाजात बोलायला लागली, "ह्या बाईला भाकरी थापायला लावाल तर याद राखा."

सरूबाई आठवडाभर स्वतः भाकरी थापत बसली. कलावती पाय पसरून खायची. गल्लीतल्या बाकीच्या सुना अण्णाला विचारायला लागल्या, "भाऊ, बायकांचा शो पुन्हा कधी हाय?"

*

सरूबाई तणतणत आप्पांकडं गेली. "तुमच्या लेकाच्या टीव्हीतून भूत निघालं." झालं. आप्पा सेंटरला लावायला कुलूप घेऊनच आले. अण्णा अक्षरशः रडकुंडीला आला. शेवटी ठरलं, नेकनूरकडच्या रामाभगताला पिक्चर दाखवायचा. भुतं उतरवण्यात त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणेल ते आप्पांनी अन् अण्णानं, दोघांनी ऐकायचं.

दुपारी भगत आला, पुढं मांडी घालून बसला. मागं आप्पा, सरूबाई, कलावती, निम्मं गाव. अण्णा दाराला टेकून पांढराफटक.

पाद्री ओरडायला लागला तसा भगत अस्वस्थ. थोड्या वेळानं त्याला राहवेना. मला म्हणाला, "ए, त्याला सांग, वरडू नको. आधी नाव ईचार."

मी माईकवर पाद्रीच्या आवाजात म्हणालो, "बाई, नाव काय तुझं?"

"आता गोडीनं ईचार, काय पायजे."

"काय पायजे माय तुला?"

"तिला म्हणावं, पायजे ते घे अन् नीघ."

तेही मी बोललो. पिक्चर संपतच आला होता. पोरगी निपचित पडली, उठली, आईच्या गळ्यात पडून हसली. भगतानं कपाळावरचा घाम पुसला. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी विचारलं, "बाबा, टीव्हीतून भूत येतं का?"

"येत व्हतं. काढलं आता. चालू द्या पोराचं दुकान."

"अन् माझ्या सुनंचं?" सरूबाई.

भगतानं कलावतीकडं बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता. "तिला आठ दिस माह्यारी धाड. मोकळी व्हईल."

अण्णानं तिथंच भगताचे पाय धरले. भगत चपला घालून निघाला, दारातून पुन्हा वळून त्यानं टीव्हीकडं बघितलं आणि मला म्हणाला,

"त्यो झगेवाला मानूस चांगला हाय. शिकंल हळूहळू."