पाटलीणबाईंनी जेवण सोडलं

गोदामातले किस्से पोत्यांच्या थप्पीसारखे असतात. वरचं पोतं हलवल्याशिवाय खालचं दिसत नाही, आणि एकदा हलवायला लागलं की मग हात थांबत नाही. आम्ही जामखेडच्या धान्य गोदामातले जुने हमाल अजून चहाच्या टपरीवर भेटतो. गुडघे गेले, दात गेले, पण दुष्काळातल्या त्या घोरपडीचा विषय निघाला की चहा गार होतो.

मी त्या वेळी टोळीचा मुकादम होतो. शिक्षण दुसरी. जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं. ज्याला खोटं वाटेल त्याला वाटू द्या, मी काही पाया पडायला येणार नाही.

* * *

बहात्तर सालचा दुष्काळ. गोदामात रोज तांबड्या मिलोचे, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीचे, ट्रक यायचे. असाच एक ट्रक खर्ड्याच्या रस्त्याने आला. आम्ही ताडपत्री ओढली आणि घडीतून घोरपड खाली पडली. हातभर अंग, तेवढीच शेपटी!

ड्रायव्हर टपावर चढला. आमचा शंकर मात्र पुढे धावला. तरुण गडी, सदा भुकेला. म्हणाला, "मुकादम, देवानं कालवन धाडलं!"

घोरपड थप्पीखाली घुसली. आम्ही वाकून बघतो तोवर बाहेर आली, तोंडात हा एवढा उंदीर! आमच्यासमोर गिळला. शेपूट तेवढं ओठातून लोंबत राहिलं, मग तेही गेलं.

मी शंकरला म्हणालो, "बघितलंस? आली तशी कामाला लागली. आता ती टोळीतली. तिच्याकडं चुलीच्या नजरेनं बघायचं न्हाई."

"मग तिला बी पोती उचलायचा हूक द्यायचा का?"

"तिची नखं बघ आदी, मग इचार."

ती मान वर करून, अंग डोलवत, कुणाकडे न बघता गोदामभर फिरली. गेटजवळ बसलेले रशीदभाई म्हणाले, "पाटलीन बाजाराला निघाली जनू!" तेव्हापासून तिचं नाव पाटलीण.

* * *

रशीदभाईंचं सांगायला पाहिजे. टोळीतला सगळ्यात जुना माणूस. त्याच वर्षी थप्पीवरून पोतं घेताना त्यांची कंबर गेली. उभं राहायचं तर भिंतीला धरून. पण आमच्या टोळीचा एक नियम होता, आमच्याही आधीच्या लोकांनी घातलेला. आजारी गड्याला टोळीतून काढायचं नाही. तो बरा होईपर्यंत त्याचा वाटा त्याला मिळणार.

रशीदभाईंना फुकटचा वाटा घ्यायला लाज वाटायची. म्हणून ते गेटजवळ बसून दाभण-सुतळीने फाटकी पोती शिवायचे. त्यांच्या घरी कोंबड्या होत्या. पाटलीण आल्यापासून ते रोज सदऱ्याच्या खिशातून एक अंडं आणायचे. पाटलीण ते कवचासकट गिळायची! रशीदभाई म्हणायचे, "माज्या नातवंडांना सांगितलंय, हे अंडं माज्या सायबिनीचं."

आमचे मॅनेजर अंड्याचं नाव काढलं तरी नाकाला रुमाल लावायचे. "माझ्या गोदामात हा वास नको," म्हणायचे. "अंडं खाऊन माणसाची बुद्धी जड होते."

शंकर हळूच म्हणायचा, "आमाला मिळंना म्हनून आमी हुशार!"

* * *

मॅनेजरांना पाटलीण पहिल्यांदा दिसली तो दिवस मोठा गमतीचा. आदल्याच दिवशी त्यांनी आम्हाला दम दिला होता, "थप्पीवर विनाकारण चढायचं नाही. अंगावर पोतं आलं तर जबाबदार कोण?"

दुसऱ्या दिवशी ते पोती मोजायला आले. दोन पोत्यांच्या फटीतून पाटलिणीने तोंड काढलं आणि लांब निळसर जीभ दाखवली. मॅनेजर चपलांसकट थप्पीच्या टोकावर! शिडी न लावता!

वरून ओरडले, "मुकादम! हे काय आहे?"

मी म्हणालो, "उंदरांचा बंदोबस्त, साहेब."

"चावते का?"

"उंदरांना."

थोडा वेळ ते वरच बसले. तिथून त्यांना उंदरांनी न कुरतडलेल्या पोत्यांच्या रांगा दिसल्या असाव्यात. म्हणाले, "राहू द्या. पण माझ्यासमोर आणू नका."

"आनत न्हाई. पर तुमी खाली कसं येनार?"

शेवटी शंकरने त्यांना पाठीवर घेऊन उतरवलं. उतरवल्यावर माझ्या कानात म्हणाला, "पोत्यापरीस हलकं हाय!"

* * *

जो यायचा तो एकच विचारायचा. "हिला दोर बांधून किल्ल्यावर चढता येतं का हो?" आम्ही कंटाळलो होतो.

सोनईचा एक ड्रायव्हर यायचा. तालमीतला गडी, दंड असे! त्याने पैज लावली, "भिंतीच्या फटीतून मी हिला एका हातानं वडून काढतो. हरलो तर समद्या टोळीला चहा."

पाटलिणीने फटीत अंग फुगवलं, नखं रोवली. पैलवानाने एक हात लावला, मग दोन्ही लावले, मग भिंतीला पाय लावला. कपाळाची शीर उभी राहिली. पाटलीण तसूभर हलली नाही. शेवटी तिने काय करायचं ते केलं आणि पैलवानाचा पांढरा नेहरूशर्ट पुढून सगळा भरला. असा वास की उंदीरही गोदाम सोडून गेले असतील!

रशीदभाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "पैलवान, मग किल्ल्यावर कवा निगायचं?"

चहा मात्र त्याने पाजला. शब्दाचा पक्का होता.

* * *

मग थंडी पडली आणि पाटलीणबाईंनी जेवण सोडलं.

उंदीर अंगावरून जायचे, ती डोळा उघडायची नाही. रशीदभाईंनी अंडं पुढे ठेवलं, तिने मान फिरवली. फुसकारायची ती फुसकारेना. कातडी ढिली पडली. पूर्वी माणूस दिसला की मान उचलायची, आता हनुवटी जमिनीला टेकून दिवसभर पडून राहायची.

जो तो वैद्य झाला. एकाने ओव्याचं पाणी आणलं. एकाची आई नजर उतरवायला आली. मीठ-मिरच्या ओवाळून तिने निखाऱ्यावर टाकल्या. सगळं गोदाम खोकत बाहेर पळालं. पाटलिणीने एक डोळा उघडला, म्हातारीकडे पाहिलं आणि मिटला.

शंकरने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर भले माणूस. खाली बसले, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "मला गाय, बैल, शेळी शिकवली. हिची नाडी कुठं असते तेही मला ठाऊक नाही. पण अंग गार आहे. थंडीनं गप पडली असावी. उबेला ठेवा, जबरदस्तीनं काही भरवू नका. ऊन तापलं की उठेल."

"आन न्हाई उठली तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी हात झटकले. "मग नाही."

संध्याकाळी बघतो तर पाटलिणीच्या अंगावर घोंगडी. मी विचारलं, "कुनाची ही?"

शंकर दुसरीकडे बघत म्हणाला, "कालवन गारठलं तर चव जाती, मुकादम."

* * *

उंदीर परत आले. पोती फुटायला लागली. बाहेर तर दुष्काळाने माणसं हैराण. गेटवर रोज काम मागणाऱ्यांची गर्दी असायची. मॅनेजरांनी ती बघितली आणि त्यांना जोर आला.

सकाळी सगळ्यांना उभं करून म्हणाले, "जो काम करत नाही त्याला गोदामात जागा नाही. उद्या ती घोरपड बाहेर काढा." बोलताना डोळे मात्र गेटकडे. रशीदभाईंच्या हातातलं दाभण थांबलं.

मी म्हणालो, "साहेब, आमच्या टोळीतनं आजारी गडी काढत न्हाईत."

"जनावराला कसला आलाय नियम?"

"नियम काय कातडं बघून लावायचा? आज घोरपड काढाल, उद्या रशीदभाई, परवा माजी कंबर गेली की मी."

"मला शिकवू नका, मुकादम. बाहेर पन्नास माणसं उभी आहेत."

मी हूक खुंटीला अडकवला. हूक खुंटीवर गेला म्हणजे काम बंद. माझ्यामागे शंकरचा गेला. मग सगळ्यांचे. ट्रक उभे राहिले. दुपारपर्यंत रांग स्टँडपर्यंत गेली.

मॅनेजर गेटवर गेले. म्हणाले, "या आत! ज्याला काम पाहिजे त्यानं यावं!"

ती माणसं उपाशी होती, आणि त्यांना नाव ठेवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. खर्ड्याकडचा एक उंच गडी पुढे आला. मॅनेजरांकडे न बघता त्याने मला विचारलं, "तुमी आजारी गड्याला ठिवता व्हय?"

"ठिवतो."

"आमी तुमच्या टोळीत आलो आन आमची कंबर गेली, तर?"

"तरी ठिवतो."

तो मागे वळला आणि गेटबाहेर मांडी घालून बसला. "मग आमी थांबतो," म्हणाला. त्याच्यामागे सगळे बसले!

मॅनेजरांचा आवाज उतरला. म्हणाले, "होळीपर्यंत मुदत देतो. होळीच्या संध्याकाळपर्यंत ती खायला लागली तर ती आणि रशीद, दोघंही राहतील. नाही तर दोघंही बाहेर, आणि तेव्हा हूक खुंटीला लावायचा नाही. शब्द द्या."

ट्रकमधल्या धान्याची गावं वाट बघत होती. ते अडवून मिशीला पीळ द्यायचा मला शौक नव्हता. मी म्हणालो, "दिला."

मॅनेजर गेल्यावर शंकर माझ्यावर धावून आला. "मुकादम, रशीदभाईंची कंबर घोरपडीच्या शेपटीला बांधली तुमी!"

"बांधली तर बांधली," मी म्हणालो. "पोतं उचल."

* * *

होळी जवळ आली. पाटलीण तशीच. शंकरला धीर धरवेना. एक दिवस मॅनेजर आत येताना दिसले आणि त्याने पिंजऱ्यातला मेलेला उंदीर पाटलिणीच्या जबड्यात अर्धा कोंबला. मोठ्याने ओरडला, "साहेब, बघा! खातीया!"

मॅनेजर लांबूनच वाकले.

उंदीर मेलेला नव्हता. नुसता भोवळला होता. त्याने डोळे उघडले, मिशा हलवल्या, पाटलिणीच्या तोंडातून सावकाश चालत बाहेर आला आणि मॅनेजरांच्या चपलेवरून निघून गेला.

मॅनेजर म्हणाले, "छान. आता उंदीर तिच्याकडे मुक्कामाला राहतात."

मी शंकरला चार शब्द सुनावले. नियम राखायचा तर सरळ राखायचा. तो खाली मान घालून म्हणाला, "सरळ राखून रशीदभाई घरी बसले तर?"

मी रिकामा पिंजरा उचलून परत थप्पीखाली लावला.

* * *

होळीचा दिवस उजाडला. ऊन असं की पत्रे तडतडत होते. दुपारी शंकरने घोंगडी उचलली, तर खाली पाटलीण नाही!

थप्प्या धुंडाळल्या, फटी बघितल्या, मोरी बघितली. कुठे नाही. मॅनेजर वजनकाट्यावरून आले. घाम पुसत म्हणाले, "मुकादम, संध्याकाळी मुदत संपते. शब्द लक्षात आहे ना?"

"हाय."

रशीदभाईंनी सुतळीचा गुंडा केला, दाभण त्यात खोचलं आणि भिंतीला धरून उठले. मला म्हणाले, "तात्या, भांडू नका. नियम ऱ्हाऊ द्या, मी जातो."

"तुमी गेला तर ऱ्हायलं काय? बसा खाली."

"शब्द दिलाय तुमी."

"संध्याकाळचा दिलाय. अजून ऊन हाय. बसा!"

मॅनेजर आपल्या केबिनमध्ये जेवायला गेले. पत्र्याची केबिन, भट्टीसारखी तापलेली. दार उघडलं आणि त्यांची किंकाळी आली. आम्ही धावलो. रशीदभाईही भिंत धरत मागून आले.

टेबलावर पाटलीण! मान ताठ, डोळे लख्ख, शेपटी फायलींवर. समोर मॅनेजरांचा डबा. घरून आलेली पुरणपोळी जशीच्या तशी, तिने तिला तोंडही लावलं नव्हतं. डब्याशेजारी स्टँडवरच्या गाडीवर बांधून मिळतो तसा वर्तमानपत्राचा पुडा फाटून पडला होता. पुड्यात एक उकडलेलं अंडं होतं. मीठ-मिरपूडही होती. दुसरं अंडं पाटलिणीच्या गळ्यातून खाली जाताना आम्हा सगळ्यांना स्वच्छ दिसलं.

शंकर म्हणाला, "खाल्लं, साहेब! संध्याकाळच्या आत खाल्लं!"

रशीदभाई दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी एकदा अंड्याकडे पाहिलं, एकदा आपल्या खिशाला हात लावला. भोळा माणूस. म्हणाले, "पर तात्या, मी तर आज अंडं आनलंच न्हाई!"

कुणी हसलं नाही. मी कुणाला हसू दिलं नसतं. मॅनेजरांनी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. नाकाला लावला नाही, कपाळ पुसलं. मग बारीक आवाजात म्हणाले,

"रशीद, उद्यापासून दोन आणत जा."