एकटीची बाजरी

तान्हूमावशी घरात आली की आधी पिठाचा डबा उघडायची. चिमूटभर बाजरीचं पीठ जिभेवर ठेवायची आणि मगच बसायची. "शिळं हाय, सुमे. कडू लागतंय. कोंबड्यांना घाल." माझं पीठ तिच्याकडे एकदाही पास झालं नाही.

मावशी माझी शेजारीण. माहेर शिरूरच्या कोरडवाहू भागातलं, सासर आमच्या दौंडकडच्या कालव्याकाठचं. तिकडं पाऊस बेताचा, म्हणून बाजरी. इकडं पाणी आलं, ऊस आला, ताटात चपाती आली. मावशीनं मात्र माहेरहून आणलेलं बियाणं दरसाल बांधालगतच्या तुकड्यात पेरून जगवलं होतं. "चपातीनं पोट भरतं गं, जेवल्यावानी वाटत न्हाई."

आधी आणखी चार घरं बाजरी करायची. एका पावसाळ्यात त्यांनीही ऊस लावला. मावशी एकटी उरली. बी जुनं झालं तर पुढं उगवायचं नाही, या धास्तीनं तिनं होतं नव्हतं ते सगळं पेरलं. मूठभरही मागं ठेवलं नाही.

कणसं चिकात आली, दुधाळ दाणा भरला आणि आसपासची सगळी पाखरं त्या एका तुकड्यावर उतरली. मी लगेच पाळ्या लावल्या: सकाळी मी, दुपारी तिची सून, संध्याकाळी माझी जाऊ. डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या. मावशी तर दिवसभर शेतातल्या राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन उभीच. एका बाजूनं उठवलेला थवा दुसऱ्या बाजूनं बसायचा. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला.

"समद्यांनी पेरलं म्हंजी पाखरू ज्याचं त्याचं मूठभर खातं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता त्यानं तरी कुठं जायचं? ऊस खाईल व्हय?"

सून खालून ओरडली, "आत्याबाई, उतरा आता! दुकानात मिळती की बाजरी."

"बाजरी मिळती. माझ्या आईचं बी मिळतं का?"

कापणीला उरली ती पोकळ कणसं. मावशीनं एकेक तळहातावर चोळलं, फुंकर मारली. भुसा उडायचा, हात रिकामा. तरी ती पुढचं कणीस घ्यायची. शेवटी मीच तिला हाताला धरून घरी आणलं.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागतेच. मी दुकानातून पिठाचं पाकीट आणलं. चाखलं तर कडू. दुसरं कुठं मिळालं नाही, तेच घेऊन मावशीकडे गेले. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी.

"चांगलं हाय," मावशी म्हणाली आणि परात पुढं ओढली.