इरशाद सरांचा शब्द

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून असलेल्या गावात इरशाद सर एका खाजगी शाळेच्या प्राथमिक विभागात शिकवायचे. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारची मान्यता आहे, पगाराला पैसा नाही. तो आज ना उद्या येईल म्हणून शिकवत राहायचं. नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलेला आणि मुहूर्त काढणारे मुंबईत, अशी ती गत. इरशादचं तारुण्य त्या वाट बघण्यातच सरलं. शाळा सुटली की तो चौकातल्या दुकानात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. बायको हुमेरा रात्रंदिवस ब्लाऊज शिवायची. संस्थाचालक भेटले की त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि तेवढ्यावरच भागवायचे.

अखेर एका वर्षी शाळा अनुदानाच्या यादीत आली. अट एकच, प्रत्येक वर्गात पुरेशी मुलं हवीत. तपासणीला साहेब आले आणि वर्ग रिकामे दिसले, की संपलं सगळं. मग भर मे महिन्यात सगळे मास्तर पोरं गोळा करायला बाहेर पडले. आपल्याकडं हा उद्योग आता कुणाला नवा राहिलेला नाही. कुणी दप्तर देतं, कुणी गणवेश. इरशादच्या संस्थेनं न्यायला-आणायला जीप देऊ केली.

तरी पहिली-दुसरीचे वर्ग भरेनात. इरशादच्या डोळ्यांपुढं हायवेपलीकडची वस्ती आली. ती त्याची जन्माची वस्ती. तिथं जिल्हा परिषदेची एका खोलीची शाळा होती आणि तिथंच मथुराबाईंनी त्याला हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. बाई अजून तिथंच होत्या, निवृत्तीला आलेल्या.

तो आधी त्यांच्याकडं गेला, चोरून नेणं त्याला जमलं नसतं. बाईंनी चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं.

"ने बाबा, तुझंही पोट आहे," त्या म्हणाल्या. "पण मोठी ने. बारकी राहू दे. त्यांच्यावर ही खोली उघडी आहे."

इरशादनं मान डोलावली. पण कमी पडत होती ती बारकीच. माणूस भुकेला असला की कान असूनही बहिरा होतो, आणि इरशाद तर कैक वर्षांचा भुकेला होता. आपण काय पाप करतोय, एका शाळेतून दुसऱ्या शाळेतच तर नेतोय, असं मनाला समजावत तो घरोघर फिरला. आपल्याच वस्तीचा पोरगा, शिकून मास्तर झालेला. लोकांनी फार विचारलं नाही. विचारलं ते एकट्या सिद्धम्मानं. लेक-जावई पुण्याला बांधकामावर, नात शिवांजली तिच्यापाशी. हायवेवर ट्रक कसे धावतात हे म्हातारी रोज बघत होती.

"जीप मदीच बंद तर पडायची न्हाय ना, सर?"

जीप संस्थेची, डिझेल संस्थेचं. 'संस्थाचालकांना विचारून सांगतो' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण इरशाद म्हणाला, "मावशी, माझा शब्द आहे." घोटाळा झाला तो इथं.

जीप आली, शिवांजलीही तिच्यात बसून जाऊ लागली. तपासणी झाली, साहेबांनी भरलेले वर्ग बघितले. आणि पुढच्याच आठवड्यात जीप संस्थाचालकांच्या शेतावर खताची पोती वाहू लागली. इरशाद त्यांच्याकडं गेला, तर त्यांनी हसून पाठीवर हात ठेवला. मग तो पेट्रोल पदरचं घालून आपल्याच मोटारसायकलवरून मुलं आणू लागला, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. पावसाळ्यात रस्ता निसरडा झाला, तो एकदा पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि फेऱ्याही थांबल्या. मोठी मुलं हायवे ओलांडून चालत जाऊ लागली. बारकी घरी बसली. तोवर वस्तीतल्या शाळेत एकही मूल उरलं नव्हतं. वरून आदेश आला, खोलीला कुलूप लागलं आणि मथुराबाई परंड्याकडं बदलून गेल्या. जाताना त्यांनी इरशादला काही कळवलं नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पगार सुरू झाला, तोही सगळा नाही, त्यातला एक हिस्सा. तरी हुमेरा पदर डोळ्यांना लावून रडली.  रविवारी पेढे घेऊन, लंगडत इरशाद वस्तीवर गेला.

सिद्धम्मा दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं पेढा नातीच्या हातावर ठेवला. "पगार चालू झाला म्हणं. लई चांगलं झालं. हुमेराचे हाल सरले." आणि ती हे मनापासून बोलली.

इरशाद घाईघाईनं म्हणाला, पाय आता बरा आहे, शिवांजलीला मी रोज गाडीवर नेईन, आणून सोडीन, एक दिवस चुकणार नाही.

म्हातारीचे हात थांबले. ती रागावली नव्हती.

"नगं, सर. इथं शाळा व्हती तवा कुणाच्या शब्दाची गरज न्हवती. पोरगी आपली आपण चालत जायची."

 शिवांजलीनं पेढा संपवला, हात फ्रॉकला पुसले आणि ती शेळ्या घेऊन रानाकडं गेली.