रंगावर आवळलेला बोल्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही — जीभ मागे मागे जाते.

वडीगोद्रीला हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा या पट्ट्यात स्कॅनर घेणारा पहिला मीच. लोक मिस्त्री म्हणतात, माझा शब्द मानतात. तो मान मला फार आवडतो — हेही कबूल केलेलं बरं.

मोसंबीचे बागायतदार आबा, त्यांची पिकअप सुदामभाऊ चालवायचे. बागेतले क्रेट भरून जालन्याला न्यायचे, कित्येक वर्षं. गाडी आबांची, पण तिच्यावर जीव सुदामभाऊंचा. दसऱ्याला त्यांनी ती धुतली, हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी ती चालूच होईना. ओढत माझ्याकडे आणली.

स्कॅनर सांगत होता, इंजिनच्या कॉम्प्युटरला व्होल्टेज कमी पडतंय. बॅटरी पाहिली — भरलेली. मग स्टार्टर मारताना व्होल्टेज वाटेत कुठे गळतंय, ते मीटर लावून बघायचं असतं, अर्थिंगची वायरसुद्धा. थोड्या वेळाचं काम. मी केलं का? नाही. आबा डोक्यावर उभे होते आणि मला चटकन उत्तर देऊन भाव खायचा होता. मी सुदामभाऊंना विचारलं, इंजिनवर पाणी मारलं होतं का?

"मारल्तं ना मिस्त्री, थोडं. सणाचं म्हून."

त्यांना नाही म्हणता आलं नसतं का? आणि मी बोलून गेलो — कॉम्प्युटर पाण्यानं गेला. आबांनी तिथेच, चार लोकांसमोर, त्यांच्याकडून चावी काढून घेतली.

इथपर्यंत त्याला चूक म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणू?

नवा कॉम्प्युटर बसवला — तीच तक्रार. तेव्हा कुठे मीटर घेऊन वाकलो. बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला सणासाठी दिलेल्या ताज्या रंगावरच आवळलेली. रंग खरवडलेला नव्हता, म्हणून ती लोखंडाला धड टेकतच नव्हती; थोडे दिवस कसंबसं चाललं, मग तेही बंद. दसऱ्याआधी नवा हॉर्न बसवताना ती वायर हलवली होती — मीच. घाईत.

पॉलिश पेपरनं जागा घासली, बोल्ट आवळला, गाडी एका स्टार्टरला चालू. जुना कॉम्प्युटर लावून पाहिला — तोही ठणठणीत. तो काढून परत नवा बसवला. आबा आले. "पाण्यानंच गेल्ता म्हना की," म्हणाले. मी मान हलवली. तेव्हा एक वाक्य बोललो असतो, तर सुदामभाऊ त्याच संध्याकाळी गाडीवर असते. माझं नाव खराब झालं असतं, एवढंच. मी नाव राखलं.

नंतर त्यांना कुणी गाडी दिली नाही. बेफिकीर ड्रायव्हर म्हणून बोभाटा झाला होता ना! आता ते जालना एमआयडीसीत सळ्या उचलतात.

मध्यंतरी बाइकचा दिवा दाखवायला आले होते. तळहात सोललेले. बसल्या बसल्या स्वतःच म्हणाले, "माझ्या हातून आबांचं लय नुस्कान झालं, मिस्त्री. तुम्ही होते म्हून गाडी वाचली."

ते खरंच तसं मानतात. मी म्हणालो, असू द्या, होतं माणसाकडून — आणि माफ केल्यासारखा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.